गुडघ्याच्या नमुन्यातले दोन थेंब

पंख्याचा वारा लागला की बाबासो ओरडायचा. पंखा बंद केला की उकडून जीव नकोसा व्हायचा, आणि मग तो पंखा लावायला सांगण्यासाठी ओरडायचा. मे महिन्यातले सहा दिवस त्याची बायको शालन बटणापाशी उभी होती. सातव्या दिवशी ताप एकशे दोनवर गेला, उजवा गुडघा पिकलेल्या पपईएवढा झाला, आणि त्याच्यावर पातळ धोतराचा फडकासुद्धा सहन होईना.

तोपर्यंत तीन डॉक्टर झाले होते. पहिल्यानं मुरगळलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं रक्त तपासलं, युरिक अॅसिड नॉर्मल आलं, म्हणून वात नाही असं लिहून दिलं. तिसऱ्यानं पहिल्या दोघांची चिठ्ठी वाचली, हसला, आणि राजारामपुरीला जा म्हणाला. तिघांत त्याचाच सल्ला कामाचा निघाला.

गावापासून शहरातल्या राजारामपुरीपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं लागतात. वाटेत एकोणीस गतिरोधक आहेत. हा आकडा बाबासोनं स्वतः मोजलेला आहे, आणि त्याच्या मोजण्यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

कारण मोजणं हाच त्याचा धंदा होता. गावच्या दूध संस्थेत तो बावीस वर्षं टेस्टर होता. रोज पहाटे कॅनशेजारी गुडघ्यात वाकायचं, पळीनं दूध ढवळायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, फॅट काढायचं. पहिल्या वर्षी गावातली मोठी घरं त्याच्या हातचा नमुना दुसऱ्याकडनं पुन्हा तपासून घ्यायची. का, ते कुणी बोलून दाखवायचं नाही. बाबासो कुठल्या गल्लीतला हे सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही आकडे वर्षभर दशांशापर्यंत सारखे आले. तेव्हापासून त्याच्या नमुन्यावर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती. ज्याच्या दुधात पाणी निघेल, त्याचं नाव तो संस्थेच्या काळ्या फळ्यावर आठ दिवस लिहून ठेवी. एकदा चेअरमनांचंही लिहिलं होतं. चेअरमन आठ दिवस मागच्या दारानं आले.

राजारामपुरीतल्या डॉक्टर संयोगिता हाडांच्या डॉक्टर. त्यांनी गुडघ्याला बोट लावलं नाही, नुसता हात वर धरला. तरी बाबासो ओरडला.

"काका, दोन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "एक, सांध्यात पू झालाय. दुसरी, युरिक अॅसिडचे बारीक खडे साचलेत, म्हणजे गाऊट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लाल, गरम, सूज, ताप."

"पण रक्तात युरिक न्हाय आलं की."

"ऐन दुखण्यात ते कधीकधी नॉर्मल येतं. खरं काय ते सांध्यातलं पाणी सांगणार. सुईनं काढू आणि दुर्बिणीखाली बघू."

"खडे निघालं तर?"

"गोळ्या."

"आन् पू निघाला तर?"

"तर आज संध्याकाळी सहाला गुडघा उघडून धुवायचा. पू सांधा खाऊन टाकतो, थांबता येत नाही."

बाबासोनं शालनकडे बघितलं, शालननं भिंतीकडे. दोघांच्याही डोळ्यांपुढे नागसेन उभा राहिला. नागसेन म्हणजे बाबासोचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याचा गुडघा असाच पू झाला म्हणून उघडला होता. त्यानंतर तो पाय वाकला नाही. नागसेन दारात बसला की पाय फाटकाच्या दांड्यासारखा रस्त्यात येतो, आणि माणसं तो ओलांडून जातात. न वाकणाऱ्या पायानं दारात बसता येतं. कॅनशेजारी बसता येत नाही.

"मॅडम, सुरी नगं," बाबासो म्हणाला. "काय बी करा, पण सुरी नगं."

"ते मी नाही, नमुना ठरवणार," डॉक्टर म्हणाल्या.

हे वाक्य बाबासोनं बावीस वर्षं लोकांना ऐकवलेलं होतं.

सुई आत गेली तेव्हा तो ओरडला नाही. त्याच्याकडचं ओरडणं संपलं होतं. सिरिंजमध्ये पिवळट, गढूळ पाणी चढायला लागलं तसं मात्र त्यानं मान उचलली.

"दाट हाय," तो म्हणाला. "सहाच्या वर जाईल फॅट."

"याचं फॅट काढायचं नाही, काका."

"न्हाय, आपलं म्हटलं."

दवाखान्यातली मोना ही पोरगेलीशी लॅब टेक्निशियन. तिनं त्यातलं थोडं पाणी आतल्या खोलीत नेलं आणि पांढऱ्या पेशी मोजून आणल्या. बावन्न हजार. एवढ्या पेशी पुवातही असतात आणि गाऊटमध्येही असतात. बावन्न हजार साक्षीदार, आणि एकही कामाचं बोलेना. मोना दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मला एकदोन सुयांसारखं काहीतरी वाटलं. गाऊटचे खडे असतील."

"वाटलं हा रिपोर्ट नसतो, मोना. साध्या दुर्बिणीत धागा पण सुईसारखा दिसतो. पोलराइज्ड, म्हणजे गाळलेल्या प्रकाशात बघितल्याशिवाय मी ते धरणार नाही."

तसल्या प्रकाशाची दुर्बीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लॅबमध्ये होती. मोनानं उरलेलं पाणी दोन नळ्यांत भरलं. एक खड्यांसाठी, एक जंतूंसाठी. दोन्ही शालनच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "काकी, लगेच जावा. तिथले डॉक्टर जेवायला गेले असतील तर तीनला बसतील."

तेव्हा बारा वाजले होते.

"तीन तास!" बाबासो खाटेवरून म्हणाला. "ह्या उनात?"

शालन रिक्षा बघायला बाहेर गेली. नळ्या उशाशी ठेवल्या होत्या. बाबासोनं त्या उजेडात धरल्या. पुढं जे झालं ते कळायला टेस्टरच्या शर्टाचा खिसा ठाऊक हवा. त्यात पेन असतं, संस्थेचा बिल्ला असतो, आणि बोटाएवढी फॉर्मेलिनची बाटली असते, झाकणाला ड्रॉपर लावलेला. वादाचा नमुना दुसऱ्या तपासणीपर्यंत नासू नये म्हणून त्यात ते टाकायचं. विकायच्या दुधात तो थेंब म्हणजे गुन्हा, नमुन्यात म्हणजे नियम. बावीस वर्षांत बाबासोनं एकही नमुना उघडा, उन्हात, थेंबाशिवाय सोडलेला नव्हता. स्वतःच्याच गुडघ्याचा कसा सोडणार?

दोन्ही नळ्यांत त्यानं दोन दोन थेंब टाकले. बूच लावलं. तीनदा उलटसुलट केलं, फेस येऊ न देता. मग निवांत पडला. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्या हातून काहीतरी बरोबर झालं.

शालन नळ्या घेऊन गेली, तीन वाजेपर्यंत लॅबच्या बाकड्यावर बसली, आणि देऊन परत आली.

साडेचारला डॉक्टर संयोगिता आत आल्या. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला.

"फोन आला. खडे नाहीत. एकही नाही. जंतूही दिसले नाहीत, पण जंतू पहिल्या तपासणीत दिसतीलच असं नसतं. ते वाढवून बघायला दोन दिवस लागतात." त्या खुर्चीवर बसल्या. "काका, खडे दिसले असते तर थांबता आलं असतं. बावन्न हजार पेशी, एकशे दोन ताप आणि खडे नाहीत, तर मला पूच धरून चालावं लागेल. भूल देणारे डॉक्टर सहाला येतायत. पाणीसुद्धा पिऊ नका."

बाबासोनं डोळे मिटले. त्याला कॅनची रांग दिसली, आणि रांगेशेजारी उभा असलेला, खाली न बसू शकणारा तो.

"मॅडम, दोन दिस थांबलं तर?"

"दोन दिवसांनी सांधा राहिला नाही तर मी काय धुऊ?"

"आन् धुऊन बी आखडला तर?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. त्या दाराकडे वळून कडक आवाजात म्हणाल्या, "मोना, इकडे ये. लॅबवाले म्हणतायत, नळ्यांना औषधाचा वास येत होता. कशानं धुतल्यास?"

"मॅडम, नव्या होत्या. पाकिटातल्या."

"मग वास कुठून आला? नमुन्यात काही पडलं असेल तर रिपोर्टला अर्थ काय? इथं एका माणसाचा गुडघा आहे, खेळ नाही."

"मी काही नाही केलं, मॅडम." मोनाचा आवाज फुटला. "मी दोनदा बघून भरल्या."

बाबासोच्या कपाळावर घाम आला. तो तापाचा नव्हता. औषधाचा वास! त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला, शपथ घेतल्यासारखा.

आता सांगायचं, एवढंच काम होतं. तोंड उघडायचं. पण ज्याच्या नमुन्याकडे बावीस वर्षं कुणी बोट केलं नाही, त्यानं स्वतःच्याच नमुन्यात मिसळ केली, हे वाक्य जिभेवर येईना. त्यापेक्षा सुरी बरी, असं त्याला क्षणभर खरोखर वाटलं. सुरी निदान गुंगीत असताना लागते. मोना डोळे पुसत आतल्या खोलीत गेली. डॉक्टर तयारीला गेल्या.

"जयभीम," म्हणत नागसेन आत आला. आधी पाय आला, मग काठी, मग काळा गॉगल, आणि सगळ्यात शेवटी माणूस. तो दोन खुर्च्यांवर बसला, एका खुर्चीवर स्वतः, एका खुर्चीवर पाय.

"काय रं बाबू, गाऊट म्हणं. राजेलोकांचा रोग हाय तो. तू कवा राजा झालास?"

"न्हाय, दादा. पू हाय म्हणं. सहाला फाडणार हैत."

नागसेनचं हसणं थांबलं. त्यानं गॉगल कपाळावर चढवला.

"तुज्यासारखा हुनार पाय माजा," बाबासो म्हणाला. "फाडला की वाकत न्हाय. डोळ्यांनी बघतोय अकरा वर्सं."

"कोण म्हणालं फाडला म्हणून वाकत न्हाय?"

"मग?"

नागसेननं पायावर हात फिरवला. "फाडला ते बरं झालं, म्हणून पाय तरी हाय. माजा गेला तो आधीच्या पाच दिसात. उसाचा हंगाम चालला हुता, टॅक्टर माज्याकडं. कळ मारायची, पर मी कुणाला सांगितलंच न्हाय की. वहिनीला बी न्हाय तुज्या. वाटलं, म्हणतील नागसेन रडतोय. डॉक्टर म्हणाला, पैल्या दिशी बोलला असतास तर पळाला असतास. ही गोष्ट बी मी आजवर कुणाला सांगितली न्हाय. आता तू सांगत बसू नगं गावभर."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

"शालन," बाबासो म्हणाला. "मॅडमना बोलीव."

"अवो, येतील की सहाला."

"आत्ता बोलीव! आन् त्या पोरीला बी."

दोघी आल्या. बाबासोनं खिशातली बाटली काढून तळहातावर ठेवली. झाकणावरचा ड्रॉपर सगळ्यांना दिसला.

"दोन दोन थेंब टाकलं मी," तो म्हणाला. "उनात नासंल म्हणून. पोरीचं काय चुकलं न्हाय."

डॉक्टरांनी बाटली उचलली, वास घेतला, आणि डोळे मिटून घेतले.

"फॉर्मेलिन," त्या म्हणाल्या. "काका, यात जंतू मरतात."

"म्हणून तर टाकलं."

"आणि युरिक अॅसिडचे खडे यात विरघळतात. म्हणजे पू असता तरी कळला नसता, आणि खडे असले तरी दिसले नसते. या नमुन्याप्रमाणं तुमच्या गुडघ्यात काहीच नाही. तुम्ही एकदम ठणठणीत आहात!"

शालननं कपाळावर हात मारला. "अवो, दूध हाय व्हय ते?"

"नमुना तर हाय की!" बाबासो कळवळून म्हणाला.

नागसेन खुर्चीवर हलायला लागला. तो हसतोय की रडतोय हे गॉगल खाली आल्यामुळे समजलं नाही.

"परत सुई घालावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळीच सगळं काढलंय. निघेल तेवढं निघेल."

तीन थेंब निघाले. तेवढ्यासाठी सुई आत तीनदा फिरवावी लागली, आणि बाबासोचं संपलेलं ओरडणं पुन्हा भरून आलं. एक थेंब जंतू वाढवायच्या बाटलीत गेला, एक स्लाइडवर, आणि एक सुईतच राहिला. डॉक्टरांनी मोठ्या लॅबला फोन लावला. खडे बघणारे डॉक्टर पाचलाच उठून इचलकरंजीला गेले होते. उद्या दहाला येणार.

"साध्या दुर्बिणीत मी ठरवू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "प्रकाश गाळायला दोन काचा लागतात, एक स्लाइडच्या खाली, एक डोळ्याच्या वर. शिकत असताना आम्ही एकदा गॉगलच्या काचा..."

त्या थांबल्या. सगळ्यांनी नागसेनकडे बघितलं.

"काय?" नागसेन म्हणाला.

"भावजी, तुमचा गॉगल," शालन म्हणाली.

"पोलराइज्ड हाय ह्यो! दुकानदारानं लिहून दिलंय!" नागसेन अभिमानानं म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

डॉक्टरांनी गॉगल मोबाइलच्या पडद्यापुढे धरला आणि हळूहळू फिरवला. पडदा उजळ होता, मग मंद झाला, मग पार काळा. "दुकानदार खरं बोलला," त्या म्हणाल्या. "मोना, कात्री."

नागसेननं मान फिरवली. दोन वेळा कडकड वाजलं. "पाय गेला तवा बी एवढं वाटलं न्हवतं," तो पुटपुटला.

मोना आणि डॉक्टर आतल्या खोलीत गेल्या. पावणेसहा झाले. बाहेर भूल देणाऱ्या डॉक्टरांची गाडी लागल्याचा आवाज आला. बाबासो छताकडे बघत पडला होता. लोकांचं दूध दुर्बिणीखाली नसलं, तरी बावीस वर्षं असंच कुणीतरी बाहेर उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघत असायचं. तो कधी मान वर करत नसे. आकडा आला की सांगायचा, एवढंच.

आतून मोनाचा आवाज आला. "मॅडम, चमकतायत!"

डॉक्टर दारात आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्याभोवती दुर्बिणीचा गोल उमटला होता.

"सुया आहेत. पांढऱ्या पेशींच्या पोटात. मोनाला सकाळी वाटलं ते खरं होतं."

"म्हणजे सुरी न्हाय?" शालननं विचारलं.

"आज नाही. पण नीट ऐका. खडे आहेत म्हणून पू नाही असं होत नाही. दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात. जंतूंचं औषध शिरेतून चालू करते, गाऊटचंही चालू करते. उद्या ताप चढला तर उघडणार. जंतूंचा निकाल शनिवारी."

भूल देणारे डॉक्टर चहा पिऊन परत गेले.

शुक्रवार बाबासोनं थर्मामीटर तोंडात धरून काढला. सकाळी शंभर. दुपारी एकशे एक, तेव्हा शालननं पिशवी आवरून ठेवली, ऑपरेशनला लागेल म्हणून. संध्याकाळी नव्व्याण्णव. पंख्याचा वारा लागला आणि तो ओरडला नाही. ओरडायचं राहून गेलं हे त्याच्या आधी शालनच्या ध्यानात आलं, आणि ती बटणापाशीच खाली बसून रडली.

शनिवारी निकाल आला. जंतू वाढले नाहीत. गुडघा चार बोटं वाकला.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, मटणाच्या रश्श्याबद्दल एक कडू परिच्छेद ऐकवला, आणि शेवटी विचारलं, "काका, तुमच्या संस्थेत कुणी नमुन्यात असं काही टाकलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

बाबासोनं गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

तीन आठवड्यांनी तो कामावर गेला. पहाटे, पहिला कॅन यायच्या आधी, तो काठी टेकवून फळ्यापाशी गेला आणि खडूनं लिहिलं: बाबासो, टेस्टर. नमुन्यात मिसळ. आठ दिवस.

साडेपाचला रांग लागली. सगळ्यात पुढं चेअरमन होते. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"बाबासो, कुणाच्या नमुन्यात?"

"माज्याच."

"किती लिटर?"

"दहा मिली असंल."

चेअरमनांनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग कॅन पुढं सरकवला. बाबासोनं काठी भिंतीला लावली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हळूहळू, दात आवळून, खाली वाकायला लागला. तो पुरता खाली बसेपर्यंत रांगेतले सगळे थांबले.